शेत गहाण न ठेवता स्पॅनिशमध्ये एम. ए.

पत्र असं आहे:

‘मावशी, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावची. वय २२. इंग्रजी घेऊन बी. ए. झालं. दोन वर्षांपासून मोबाइलवर स्पॅनिश शिकते आहे, बी-वन पातळीचा ऑनलाइन वर्ग नुकताच संपला. मला स्पॅनिश भाषा आणि तिथल्या संस्कृतीत एम. ए. करायचं आहे. घरचे म्हणतात बी. एड. कर. आजी रोज विचारते, “ते शिकीसन काय करशी माय?” एक एजंट म्हणतो, स्पेनमध्ये एका वर्षात मास्टर होईल, सगळे मिळून १८ लाख लागतील. कोटेशनचा फोटो जोडला आहे. नाना दोन एकर गहाण ठेवायला तयार झाले आहेत. ते तयार झाल्यापासून मला झोप लागत नाही. माझं इंग्रजीही धड नाही, बोलणं गावाकडचं. मी या वाटेला जावं का?’

पोरी,

एम. ए. कर. जरूर कर. पण या वर्षी नको, या एजंटकडून नको, आणि नानांच्या दोन एकरांवर तर मुळीच नको. हे आधी लिहिते, म्हणजे आज रात्री तरी झोपशील. कारणं आता सांगते.

स्पॅनिशचं एम. ए. हा स्पॅनिश शिकायचा वर्ग नसतो. मी हे स्वतः भोगलं आहे. अमळनेरहून दिल्लीला गेले तेव्हा माझं व्याकरण पक्कं होतं, क्रियापदांची रूपं झोपेत विचारली असती तरी सांगितली असती. पहिल्याच आठवड्यात बाईंनी सतराव्या शतकातल्या एका नाटकाची पानं वाटली आणि तासभर स्पॅनिशमध्ये बोलल्या. मधेच वर्ग हसला. मीही हसले, पण कशावर ते मला कळलं नव्हतं. बाकीची मुलं तीन वर्षं स्पॅनिशचीच बी. ए. करून आली होती, रोज चार-चार तास ती भाषा कानावर घेऊन. माझ्या वहीत त्या दिवशी देवनागरीत लिहिलेले नुसते आवाज होते. रात्री खोलीवर शब्दकोश घेऊन एकेक आवाज शोधत बसले, त्यातले निम्मे सापडलेच नाहीत. पुढचं अख्खं वर्ष धापा टाकत गेलं. शिकले, पण जे मन लावून वाचायचं होतं ते नुसतं पार पाडलं. त्याची चुटपुट अजून आहे.

म्हणून तुला सांगते, बी-वनवर एम. ए.ला जाऊ नकोस. त्याच्या पुढची पातळी, बी-टू, पूर्ण कर आणि त्याचा कागद हातात घे. इन्स्टिटुटो सर्व्हान्तेस ही स्पॅनिश सरकारची संस्था दिल्लीत आहे. ती ‘डेले’ नावाची परीक्षा घेते, आणि तिचं प्रमाणपत्र कायमचं चालतं. ‘सिएले’ नावाची दुसरी परीक्षा संगणकावर होते, निकाल लवकर लागतो, पण तिची मुदत पाच वर्षांची. तुझ्यासाठी डेलेच बरी. तिच्यात वाचन आणि लेखन मिळून ५० गुण, ऐकणं आणि बोलणं मिळून ५०. दोन्हीकडे ३० हवेत. एकीकडे ४५ पडले म्हणून दुसरीकडची तूट भरून निघत नाही. मोबाइलवर शिकलेली मुलं नेमकी ऐकण्या-बोलण्यात अडतात, कारण तिथे समोरचा माणूस थांबत नाही, आणि मागे नेऊन पुन्हा ऐकायचं बटण नसतं. तुझं पुढचं वर्ष त्यासाठी खर्च कर. रोज अर्धा तास कोलंबिया, मेक्सिको, स्पेन, अर्जेंटिना असा एकेका देशाचा रेडिओ ऐक, आणि ऐकलेलं मोठ्याने सांग. घरात कोणी नसेल तर गोठ्यात जाऊन सांग, मी तसंच करायची.

आता ‘माझं बोलणं गावाकडचं’ हे जे लिहिलं आहेस त्याबद्दल. हे वाक्य मला फार लागलं, कारण मीही ते उराशी धरून दिल्लीला गेले होते. इंग्रजी कच्चं असल्याने स्पॅनिश अडत नाही. उलट मराठी, आणि त्यातही अहिराणी, तुला कुठे कुठे हात देते ते बघ. स्पॅनिशमधले ‘त’ आणि ‘द’ आपल्या त-द सारखे दातांना जीभ लावून म्हणायचे असतात. इंग्रजीतून आलेली मुलं तिथे ‘ट’ आणि ‘ड’ म्हणत राहतात, महिनोन्‌महिने ते सुटत नाही. तुला ते पहिल्या दिवसापासून आलं असणार. ‘मला केळं आवडतं’ याला स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल प्लातानो’. केळी अनेक झाली की ‘मला केळी आवडतात’, ‘मे गुस्तान लोस प्लातानोस’. क्रियापद केळ्याच्या मागे जातं, आवडणाऱ्या माणसाच्या मागे जात नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही रचना उलटी वाटते, तिच्यावर दोन-दोन तास जातात. आपल्याला ती आईच्या दुधाबरोबर आलेली आहे. तू आणि तुम्ही यांतला फरकही तसाच. ‘तू’ला तिथे ‘तू’च म्हणतात, आणि परक्याला किंवा मोठ्याला ‘उस्तेद’.

आणि हे बघ. तुझी आजी ‘काय करी ऱ्हायनी?’ म्हणते ना? करणं एक क्रियापद, राहणं दुसरं, दोन्ही मिळून चालू असलेली क्रिया. स्पॅनिशमध्ये ‘एस्तोय कोमिएन्दो’, म्हणजे मी ‘खाई ऱ्हायनी’. तिथेही असण्याचं एक क्रियापद आणि त्याला जोडून दुसरं. प्रमाण मराठीतलं ‘खातेय’ समोर ठेवून हे शिकायला गेलीस तर वळसा पडेल. आजीच्या बोलीतून थेट जा.

शब्दांचंही तसंच. पगार, साबण, बटाटा हे आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. ‘पागार’ म्हणजे स्पॅनिशमध्ये पैसे चुकते करणं. साबणाला ‘खाबोन’, बटाट्याला ‘पाताता’. मिरची, टोमॅटो, मका, भुईमूग ही पिकं तर मुळात अमेरिका खंडातली. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग पाहताना मला दर वेळी वाटतं, हा विषय आपल्यापासून लांब आहे असं कोण म्हणालं?

नानांना हा विषय सांगायचा तर केळीतून सांग. काही वर्षांपूर्वी रावेरकडे एका बागेत मी दुभाषी म्हणून गेले होते. पाहुणे इक्वेडोरचे. केळीच्या निर्यातीत तो देश जगात पहिला. पाहुण्यांनी घडाखाली हात धरला आणि विचारलं, ‘कुआन्तास मानोस?’ शब्दशः ‘किती हात?’ मी गडबडले. बागेचे मालक माझ्याकडे बघतायत, पाहुणे माझ्याकडे बघतायत. मग पाहुण्यांनी बोटाने एकेक फणी मोजायला सुरुवात केली आणि मला उमगलं. आपण जिला फणी म्हणतो तिला ते ‘मानो’ म्हणजे हात म्हणतात, आणि एकेका केळ्याला ‘देदो’ म्हणजे बोट. मी म्हटलं, ‘भाऊ, फण्या किती विचारतायत.’ मालक म्हणाले, ‘नऊ.’ तेवढ्यावर दोघांचं जमलं. पुढे बुंध्याशी वाकून पाहुण्यांनी विचारलं, यातला कोणता ‘इहो’ ठेवणार? इहो म्हणजे मुलगा. आपण पील म्हणतो तोच. नाना पिलबाग धरतात तेव्हा आईच्या बुडाशी एकच जोमदार पील ठेवून बाकीचे काढतात, तिकडेही तसंच करतात. आणि मूळ झाडाला ते म्हणतात ‘माद्रे’, आई. यातलं काहीही माझ्या पुस्तकांत नव्हतं. त्या दिवशी बागेत मी जे शिकले ते तुला आत्ताच येतं, फक्त त्याची स्पॅनिश नावं लावायची बाकी आहेत. पुण्या-मुंबईच्या चांगल्या शाळेतून आलेल्या मुलीला फणी आणि पील आधी मराठीत शिकावे लागतील.

खुद्द केळ्यालाही तिकडे एक नाव नाही. स्पेनमध्ये प्लातानो, व्हेनेझुएलात कांबुर, इक्वेडोरमध्ये गिनेओ, अर्जेंटिनात बानाना. कोलंबियात प्लातानो मागितलंस तर भाजीचं केळं मिळेल. एवढी एक गोष्ट नीट समजली की ‘हिस्पॅनिक संस्कृती’, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्या देशांची संस्कृती, हा शब्द अभ्यासक्रमात का आहे ते कळतं. ही एका देशाची भाषा नाही. आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनी धरून वीस देशांची ती अधिकृत भाषा आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्याखाली दुसऱ्या भाषा दबलेल्या किंवा जिवंत आहेत. खुद्द स्पेनमध्ये आपण जिला स्पॅनिश म्हणतो ती कास्तिया प्रांताची बोली. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५, कातालान, बास्क आणि गालिसियन भाषांना शाळा-कचेरीत जागा नव्हती. १९७८च्या राज्यघटनेनंतर त्या त्यांच्या प्रदेशांत अधिकृत झाल्या. पॅराग्वेत १९९२च्या घटनेने ग्वारानी या आदिवासी भाषेला स्पॅनिशच्या बरोबरीचं स्थान दिलं, आणि तिथले बहुसंख्य लोक ती बोलतात. तुझ्या गावात अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. हा सगळा व्यवहार तू जगली आहेस. एम. ए.च्या वर्गात यावर चर्चा निघेल तेव्हा तुझ्याकडे सांगण्यासारखं खूप असेल. आत्तापासून वहीत टिपून ठेव.

आणि केळीचा इतिहास. कोलंबियाच्या सिएनागा गावात डिसेंबर १९२८मध्ये केळीच्या मळ्यांतले मजूर संपावर होते. अमेरिकेतल्या युनायटेड फ्रूट कंपनीचे ते मळे. मजुरांची मागणी लेखी करार, रोखीत मजुरी, आठवड्याची सुटी अशी साधी होती. सैन्याने जमावावर गोळ्या चालवल्या. किती मेले याचा आकडा आजही पक्का नाही. गाब्रिएल गार्सिया मार्केस हा कादंबरीकार त्याच केळीच्या पट्ट्यातल्या अराकाताका गावी १९२७मध्ये जन्मला, आणि ही गोळीबाराची गोष्ट ऐकत वाढला. १९८२मध्ये त्याला नोबेल मिळालं. ग्वातेमालाच्या मिगेल आन्खेल आस्तुरियासने तर केळीच्या मळ्यांवर तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्याला १९६७मध्ये नोबेल मिळालं. तुझ्या प्रबंधाला विषय हवा असेल तर तो तुझ्या अंगणातून सुरू होतो: करपा, वाहतूक, भाव पाडणारा व्यापारी, मळ्यात राबणारा मजूर. दोन्हीकडचं वाचलेली आणि एकीकडचं जगलेली माणसं फार थोडी आहेत. मला मनापासून वाटतं, तू ते लिहावंस.

नानांना आणखी एक गोष्ट सांग. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे हे क्रांतिकारक इंग्रजांच्या पहाऱ्यामुळे देशाबाहेर राहिले आणि मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. शंभर वर्षांपूर्वी एक मराठी माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्यांना शेती शिकवत होता, स्पॅनिशमध्ये. आजीच्या ‘काय करशी’ला एक उत्तर हे आहे.

आता कुठे करायचं. आपल्या भागात स्पॅनिशचं एम. ए. नाही, घर सोडावंच लागेल. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन आणि लॅटिन अमेरिकन अभ्यासाचं केंद्र आहे. फी नाममात्र, वसतिगृह मिळालं तर महिन्याचा खर्च आटोक्यात. दिल्ली विद्यापीठात हिस्पॅनिक अभ्यासाचं एम. ए. आहे. हैदराबादला इंग्रजी आणि परकीय भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथेही स्पॅनिश आहे. बऱ्याच केंद्रीय विद्यापीठांच्या एम. ए.साठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा असते. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, परीक्षा मार्चच्या सुमारास. बी. ए. दुसऱ्या विषयात असेल तर भाषेचं कोणतं प्रमाणपत्र चालतं, हे प्रत्येक ठिकाणच्या माहितीपुस्तिकेत वेगळं असतं. ती ओळ न ओळ वाच, शंका आली तर विभागाला सरळ ईमेल कर. तिन्हीकडे अर्ज कर. भुसावळला गाडीत बसलीस की दिल्ली थेट आहे, मुलाखतीला किंवा डेलेला एकटी जायची सवय होऊ दे. पहिल्यांदा नानांना सोबत ने. त्यांनाही तो वर्ग, ती इमारत बघू दे.

राहिलं ते कोटेशन. मी फोटो मोठा करून दोनदा वाचला. कोर्सच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘तितुलो प्रोपिओ’ असं लिहिलं आहे. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे एजंटने सांगितलं नसावं. स्पेनमध्ये दोन तऱ्हेचे मास्टर असतात. एक ‘मास्टर ओफिसिआल’, सरकारमान्य. दुसरा ‘तितुलो प्रोपिओ’, म्हणजे त्या विद्यापीठाची स्वतःची पदवी. त्यात शिक्षण वाईट असतं असं नाही, पण त्यावर तिथे पीएच.डी.ला थेट प्रवेश मिळत नाही, आणि भारतात प्राध्यापक व्हायचं तर समकक्षतेच्या प्रमाणपत्राशी गाठ पडते. तिथे ही पदवी अडकू शकते. कोणता कोर्स सरकारमान्य आहे ते स्पेनच्या विद्यापीठांच्या सरकारी नोंदवहीत, ‘रुक्त’मध्ये, घरबसल्या फुकट बघता येतं. हे एजंटने तुला दाखवायला हवं होतं.

त्याच कागदावर ‘डॉक्युमेंट प्रोसेसिंग’चे ८५ हजार आहेत. त्यात काय येतं? तुझ्या पदवीवर अपोस्टिलचा शिक्का, म्हणजे कागद खरा आहे असं परदेशाला सांगणारा, अधिकृत भाषांतरकाराकडून भाषांतर आणि व्हिसाचा फॉर्म. अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं, ठरलेल्या वाटेने आणि थोड्या फीत. वेळ जातो, चकरा होतात, पण ८५ हजारांचं काम नव्हे. विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याला ६०० युरो खर्चायची ऐपत दाखवावी लागते, म्हणजे वर्षाला ७,२०० युरो, आजच्या भावाने सात लाखांच्या वर. फी वेगळी. आठवड्याला ३० तास काम करायची मुभा असते, पण त्यावर फी निघेल असं धरून कोणी चालू नये. तिथे गेलेल्या मुलींचं भाषेत मन आणि पोटात काळजी, असं वर्ष गेलेलं मी पाहिलं आहे.

स्पेन बघायचं नाही असं मी म्हणत नाही. सालामांका विद्यापीठ १२१८ सालचं, तिथल्या दगडी भिंतींसमोर उभं राहावं असं कोणाला वाटणार नाही? पण ते इथलं एम. ए. करून, शिष्यवृत्तीवर किंवा स्वतःच्या कमाईवर. तेव्हा तू तिथे ज्या वर्गात बसशील त्यात कशावर हसतात ते तुला कळत असेल.

पोटापाण्याचं आता उघड बोलते, कारण घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. केवळ नोकरी हवी असेल तर एम. ए. लागत नाही. पुणे, हैदराबाद, बंगळुरू, गुरुग्रामच्या कंपन्यांत स्पॅनिश ग्राहकांशी बोलायला, कागद तपासायला बी-टूवर माणसं घेतात. रात्रपाळी असते, पण सुरुवातीचा पगार खेड्यातल्या विनाअनुदानित शाळेपेक्षा बरा असतो. एम. ए. लागतं ते शिकवायला, संशोधनाला आणि गंभीर भाषांतराला. प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या नेट परीक्षेत स्पॅनिश हा विषय आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परकीय भाषांत स्पॅनिशचं नाव आहे. जागा थोड्या असतात, हे खरं. पण त्या जागांसाठी तयार असलेली माणसंही थोडीच आहेत. बी. एड. एम. ए. नंतरही होतं, ती वाट बंद होत नाही, हे आईला शांतपणे सांग. आणि एक कर: पुढचं वर्ष घरी बसून तयारी करताना गावातल्या दहावीच्या पोरांचा इंग्रजीचा वर्ग घे. हातात थोडे पैसे येतील, डेलेची फी स्वतःच्या पैशाने भरशील. घरात तुझ्या शब्दाला वजन येईल.

नानांशी बोलायला संध्याकाळचा वेळ घे, ते बागेतून आल्यावर, चहा झाल्यावर. आधी सांग, ‘नाना, जमीन गहाण ठेवायची नाही.’ हे वाक्य त्यांनी तुझ्या तोंडून ऐकायला हवं. त्यांनी तुझ्यासाठी काय मनात आणलं होतं याची तुला जाणीव आहे, हेही सांग. मग एका वर्षाची मुदत माग. डेलेची तारीख, सीयूईटीची तारीख, तीन विद्यापीठांची नावं, सगळं एका कागदावर त्यांच्यासमोर लिही. शेतकरी माणसाला हंगाम समजतो. लावणीपासून घड कापेपर्यंत तेही वर्षभर थांबतातच.

एजंटला काही भरलं असशील तर लगेच पावती माग आणि पुढचा हप्ता थांबव. ‘आज भरलं नाही तर सीट जाईल’ असा फोन येईल. जाऊ दे.

पुढचं पत्र मला स्पॅनिशमध्ये लिही. एक पान पुरे. विषय: नानांची बाग, लावणीपासून कापणीपर्यंत. घड, फणी, पील, करपा, सगळे शब्द शोधून घाल, अडलेला शब्द मराठीत ठेव. मी लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवते.

तुझी,
मावशी